भैरूची गुरगुर

सदाशिव पेठ, पुणे
४ ऑक्टोबर २०२४

श्री. तात्याराव यांस,
स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, घरात सगळे ठीक आहेत. हे गेल्यावर तुम्ही चार ओळींचं पत्र पाठवलं होतंत. त्याचं उत्तर दीड वर्षात दिलं नाही आणि आता काम पडल्यावर लिहायला बसले आहे. स्वभाव म्हणा किंवा पेठेचं पाणी म्हणा. फोन केला असता, पण हे नेहमी सांगायचे की दारूगोळ्याच्या डेपोतल्या त्या स्फोटात तात्यारावांचे कान गेले, त्यांच्याशी फोनवर बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. म्हणून कागद.

काम भैरूचं आहे. सात वर्षांपूर्वी तुमच्या खडकीच्या अंगणात जन्मलेलं जे पिल्लू तुम्ही ह्यांना दिलंत, तोच हा. हे असेपर्यंत त्याच्या सगळ्या खोडी खपून गेल्या. सोफ्यावर झोपणं, चपला पळवणं, इस्त्रीवाल्यावर भुंकणं. आता त्याने नवीन खोड धरली आहे. तीन-चार महिने झाले, जवळ गेलं की गुरगुरतो. घशातून आवाज आणि दात अर्धे बाहेर. अजून कुणाला चावलेला नाही. त्यात घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशी माझी नात ओवी (वय सहा, हट्ट साठ वर्षांचा) पार्किंगमधून मांजराचं पिल्लू उचलून आली आहे. त्याचं नाव सोनू. सोनू पडदे फाडतो, ओट्यावर चढून दुधाच्या पातेल्यात तोंड घालतो आणि चालत्या माणसाच्या घोट्याला चावतो.

सोनूचं काय व्हायचं ते होईल. प्रश्न भैरूचा आहे. माझ्या मुलाने, सलिलने, मुदत घातली आहे. एकतीस डिसेंबरपर्यंत गुरगुर थांबली नाही तर भैरू या घरात राहणार नाही. सून सुरुची काही बोलत नाही, म्हणजे तिचंही तेच मत. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आई," असं सलिल जेवताना म्हणाला आणि पुन्हा आमटी वाढून घेतली.

तात्याराव, स्पष्टच लिहिते. सकाळी साडेसहाला भैरूला खाली न्यायचं असतं म्हणून मी उठते. तो गेला तर मला उठायचं काही कारण राहत नाही. तुम्ही एकतीस वर्षं डेपोत कुत्र्यांना वळण लावलंत. ह्याला कसं लावायचं ते लिहून कळवा. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, सूचना पाळता येतात.

आपली,
सुनीती


खडकी
९ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सुनीतीवहिनी,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. पाकिटावरचं अक्षर बघून क्षणभर वाटलं शरदरावांनीच लिहिलंय. तुमची दोघांची अक्षरं सारखी झाली होती की काय कोण जाणे.

आधी मांजराचं, कारण ते सोपं. पिल्लाला हातानं खेळवू नका. बोटं नाचवली की त्याला बोट म्हणजे उंदीर वाटतो, मग घोटाही उंदीरच. दोरीला चिंधी बांधा आणि तिच्याशी खेळू द्या. चावलं की खेळ बंद करून उठून जायचं. पडद्याऐवजी दाराच्या चौकटीला जुनं पोतं गुंडाळून बांधा, त्यावर नखं घासेल. ओट्यावर संत्र्याच्या साली ठेवून बघा, बऱ्याच मांजरांना तो वास सोसत नाही. दूध झाकून ठेवा, हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे फारच झालं. आणि मारायचं नाही. मांजर मार लक्षात ठेवतं, कशासाठी मारलं ते ठेवत नाही.

आता भैरू. आमच्या डेपोत आवाज करणारा कुत्रा चालत नसे. दारूगोळ्याचा वास लागला की गप खाली बसायचं, एवढंच त्यानं करायचं. माझ्या हाताखालून अकरा कुत्री गेली, एकाचाही आवाज नाही. मोठे साहेब पाहणीला आले की विचारायचे, तात्या, ह्यांना जीभ दिली आहे की नाही? ते कसं केलं ते सांगतो. गळ्यात पट्टा कायम ठेवा. गुरगुर सुरू झाली की त्याच क्षणी पट्ट्याला लहान झटका आणि एकच शब्द, "चूप". ओरडायचं नाही. गप्प झाला की दहा आकडे मोजायचे आणि चपातीचा तुकडा द्यायचा. रोज दोन वेळा, चुकवायचं नाही. दोन-अडीच महिन्यांत आवाज जातो.

पण आधी दोन गोष्टी. पहिली, त्याला डॉक्टरला दाखवा. दुसरी, तो नेमका कुणावर गुरगुरतो ते मला लिहा. लहान मुलीवर गुरगुरत असेल तर ही रीत अजिबात वापरायची नाही. का ते विचारू नका. मग दोघांना वेगळं ठेवायचं, दुसरा उपाय नाही.

जित्याची खोड वगैरे म्हण माणसांसाठी आहे. कुत्रा बदलतो.

आपला,
तात्याराव


सदाशिव पेठ
१८ ऑक्टोबर २०२४

श्री. तात्याराव यांस,
स. न. वि. वि.

सोनूला संत्र्याच्या साली फार आवडल्या. ओट्यावरून त्या खाली पाडायच्या आणि घरभर फुटबॉल खेळायचा, असा कार्यक्रम असतो. तुमची मांजरं खडकीची असतील, हे पेठेतलं आहे. पोत्याचा उपाय मात्र लागू पडला. पडदे वाचले, म्हणजे जे उरले होते ते.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं. डॉक्टरांना दाखवलेलं आहे, काही नाही म्हणाले. आणि भैरू तसा सगळ्यांवरच गुरगुरतो, जास्त करून सलिलवर. ओवीवर नाही. ओवीची आणि त्याची गट्टी आहे.

सोमवारपासून सुरुवात केली. सकाळी एकदा, ओवी शाळेतून आल्यावर एकदा. झटका मी देते, तुकडा ओवी देते. तिला ते काम फार आवडतं. आकडे मोठ्याने मोजते, सात आणि आठ गाळते.

पेठेत कधी काम निघालं तर डोकावून जा. भैरूलाही बघाल.

आपली,
सुनीती


खडकी
२७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सुनीतीवहिनी,
सप्रेम जय भीम.

मुलीवर गुरगुरत नाही हे वाचून जिवाला बरं वाटलं. मोठ्या माणसांवर असेल तर ते मालक गेल्याचं आहे. शरदराव गेल्यावर घरात आता कुणाचं चालतं ते तो ताडून बघतोय. होईल ठीक.

दिवाळीचे चार दिवस शिकवणी बंद ठेवा. फटाक्यांत कुत्रा शिकत नाही. त्याला आतल्या खोलीत ठेवा, जाड चादर टाकून कोपरा करून द्या.

यायचं म्हणाल तर गुडघे साथ देत नाहीत हो. बसची पायरी चढवत नाही. तुम्ही कळवत राहा, मी इथून सांगत राहीन. माझी मुलगी आम्रपाली हसते, म्हणते बाबा आता पोस्टानं कुत्री शिकवायला लागले. हसू दे. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच कुणी मला माझ्या कामातलं विचारलंय.

आपला,
तात्याराव


सदाशिव पेठ
८ डिसेंबर २०२४

श्री. तात्याराव यांस,
स. न. वि. वि.

पेढे पाठवता येत नाहीत म्हणून नुसतं लिहिते. आज सतरा दिवस झाले, भैरू एकदाही गुरगुरला नाही. सलिलने काल स्वतःहून त्याच्या पाठीवर हात फिरवला. "मानलं आई तुला," असं म्हणाला. हा मुलगा दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदा मला काही मानतो आहे. मुदतीचं नाव कुणी काढत नाही. मी सलिलला सांगितलं की श्रेय माझं नाही, ते खडकीच्या पोस्टाचं आहे.

गंमत म्हणजे भैरू आता फार आळशी झाला आहे. ओवी शाळेतून आली की जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसतो आणि जांभया देत राहतो. तीनदा, चारदा. सारखा आपलं नाक चाटतो. ओवी म्हणते, आजी, भैरूआजोबा झाले. ती टेबलाखाली शिरून त्याच्या गळ्यात पडते तरी हूं की चूं करत नाही. पूर्वी असं केलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

तुमचे उपकार कसे फेडायचे ते कळत नाही.

आपली,
सुनीती


खडकी
१३ डिसेंबर २०२४

सुनीतीवहिनी,
सप्रेम जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. "पूर्वी असं केलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं," असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पूर्वी ओवी गळ्यात पडली की तो गुरगुरायचा काय?

कुत्र्याची जांभई म्हणजे आळस नव्हे. भिलेला, अडचणीत सापडलेला कुत्रा जांभया देतो, नाक चाटतो. तो टेबलाखाली जातो म्हणजे तिच्यापासून लांब जातो. आवाज आपण काढून घेतला, आता तो अंगानं सांगतोय.

शिकवणी आजपासून बंद करा. मुलीला त्याच्याजवळ एकटी सोडू नका. गळ्यात तर पडूच देऊ नका. डॉक्टरनं कधी तपासलं, काय काय तपासलं, ते लिहा. उत्तर लगेच पाठवा.

तात्याराव


खडकी
२ जानेवारी २०२५

सुनीतीवहिनी,

उत्तर नाही. नवीन वर्षाच्या शुभेच्छा देत नाही, आधी एक ओळ लिहा. मुलीला त्याच्यापासून लांब ठेवलंय ना? तेवढंच कळवा.

तात्याराव


सदाशिव पेठ
९ जानेवारी २०२५

तात्याराव यांस,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. दुसरं मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, भैरूने ओवीला चावलं.

ती त्याच्या मागून गेली, गळ्यात हात टाकला आणि त्याच्या कानात काहीतरी सांगायला वाकली. मी समोर पालक निवडत होते. तो गुरगुरला नाही. दात दाखवले नाहीत. नुसती मान वळवली आणि चावला. डोळ्याच्या खालपासून ओठापर्यंत गाल उघडला. डोळा वाचला. एकोणीस टाके पडले, आणखी शस्त्रक्रिया कराव्या लागतील म्हणतात. टाके घालताना ती रडली नाही. नर्सने शहाणी मुलगी म्हणून तिला शाबासकी दिली. मला ती ऐकवेना, मी बाहेर जाऊन उभी राहिले.

भैरूला डॉक्टरांकडे पिंजऱ्यात ठेवलं आहे. चावल्यावर दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवतात. डॉक्टरांनी त्याला तपासलं. डाव्या कानात आत गाठ आहे आणि सगळा पू झाला आहे. म्हणाले, सहा-सात महिने तरी हा सहन करतो आहे, कुणी गळ्याला हात लावला की जीव जात असेल, मग हा गुरगुरला कसा नाही? सलिल, सुरुची, दोघं माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं की तो गुरगुरत होता, आम्ही त्याला बंद करायला शिकवलं.

आता तुम्हाला जे लिहायला हवं होतं ते लिहिते. भैरू सलिलवर कधीही गुरगुरला नाही. तो फक्त ओवीवर गुरगुरत होता, आणि तेही ती गळ्यात पडली की. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. खरं लिहिलं असतं तर तुम्ही दोघांना वेगळं करायला सांगितलं असतंत, आणि दोन खोल्या नि एका हॉलच्या घरात वेगळं करायचं म्हणजे भैरूला घालवायचं. म्हणून खोटं लिहिलं. डॉक्टरांना दाखवलं ते मे महिन्यात, वार्षिक लशीला. तेव्हा कानाचं काही नव्हतं. आणि नोव्हेंबरात तुमच्या पद्धतीला वेळ लागतो आहे असं वाटलं तेव्हा मी त्याला गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने मारलं. ओवी शाळेत असताना, तिच्यासारखा मीच त्याच्या गळ्यात हात टाकायचे आणि तो गुरगुरला की. तुम्ही मांजराबद्दल लिहिलं होतंत मारू नका, कुत्र्याबद्दल लिहिलं नव्हतंत, अशी मी स्वतःची समजूत काढली. तीस वर्षांच्या मास्तरकीत मुलांनी काढलेल्या पळवाटा मला कधी खपल्या नाहीत.

तेरा डिसेंबरच्या तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मुदतीला अठरा दिवस उरले होते.

गुरुवारी, सोळा तारखेला, सलिल भैरूला इंजेक्शन देऊन संपवणार आहे. मला नाही म्हणायला तोंड नाही.

सुनीती


खडकी
१२ जानेवारी २०२५

सुनीतीवहिनी,
जय भीम.

हे पत्र आम्रपालीच्या हाती पाठवतो, पोस्टावर सोडत नाही.

तुम्ही तुमचं लिहिलंत, आता माझं ऐका. लहान मुलीवर गुरगुरत असेल तर ही रीत वापरू नका, का ते विचारू नका, असं मी लिहिलं होतं. का ते मी सांगायला हवं होतं. चौऱ्याण्णव साली डेपोतला एक कुत्रा निवृत्त झाला म्हणून मी क्वार्टरवर आणला. माझाच शिकवलेला, बिनआवाजाचा. आम्रपाली पाच वर्षांची होती. तो खात होता आणि तिनं त्याच्या थाळीतला तुकडा उचलला. आवाज नाही, काही नाही, दंडाचं मांस तोडलं. मी सगळ्यांना सांगितलं की पत्र्यावर पडली. माझी कुत्री चावतात हे साहेबांच्या कानावर गेलं असतं तर माझं नाव गेलं असतं. तीस वर्षं तेच सांगत आलो, जावयालासुद्धा. तुम्हाला खरं लिहिलं असतं, तर तुम्ही खोटं लिहायला धजल्या नसता. पण पेठेतल्या बाईंनी माझा सल्ला मागितला, त्याची मला धुंदी चढली होती.

आणखी एक. गुडघ्याचं खोटं होतं. मी रोज सकाळी दापोडीपर्यंत चालत जाऊन येतो. खडकीहून तुमच्याकडे यायला अर्धा तास लागतो. आलो असतो तर पाच मिनिटांत कळलं असतं मला, तो कुणावर गुरगुरतो ते. का आलो नाही ते तुम्हाला माहीत आहे. एक्क्याण्णव साली शरदराव मला चहाला घेऊन आले होते. सगळ्यांना कपबशी आली. तुमच्या सासूबाईंनी, दुर्गाबाईंनी, माझा चहा वेगळ्या पेल्यात खिडकीत ठेवला आणि पिऊन झाल्यावर म्हणाल्या, तिकडे नळ आहे. मी पेला धुतला. शरदराव खाली बघत होते. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होता. कुणी काही बोललं नाही. त्यानंतर शरदराव माझ्याकडे शंभरदा आले, मी कधी आलो नाही. त्यांच्या मयतालासुद्धा मी वैकुंठ स्मशानात परस्पर आलो. राग धरला असं नाही, पण पाय वळला नाही. आणि तुम्हीही, काम निघालं तर डोकावून जा असं लिहिलंत. या असं लिहिलं नाहीत.

गुरुवारी सकाळी दहाला मी येतोय. सलिलरावांना सांगा, कुत्रा मला द्या. मागच्या अंगणात ठेवीन, कानाचं ऑपरेशन करीन. माझ्या दारात जन्मला, माझ्याकडे राहील.

तात्याराव


सदाशिव पेठ
२५ जानेवारी २०२५

तात्याराव यांस सप्रेम नमस्कार.

इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण करा. मनगटाची जखम उघडी ठेवा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुम्ही रुमाल बांधूनच गेलात.

गुरुवारचं मला लिहायलाच हवं, नाहीतर ते डोक्यातून जाणार नाही. तुम्ही आलात, चहा घेतलात. कप मी धुतला. एवढ्याने काही फिटत नाही, ते मला कळतं. तेव्हा दारात उभी होते आणि बोलले नाही, कारण सासूबाईंसमोर बोलायची माझी छाती नव्हती. पुढे त्या गेल्या, मग ते कारण उरलं नाही, तरी तुम्हाला बोलावलं नाही. त्याची मला लाज वाटते.

सलिल तुम्हाला कुत्रा द्यायला कबूल झाला तेव्हा मला वाटलं, सुटलो. दवाखान्यात भैरू तुम्हाला बघून शेपटी हलवत होता. सात वर्षांनी, वासावरून. तुम्ही म्हणालात, आधी मला बघू द्या. सगळ्यांना मागे सरकायला लावलंत, त्याच्या मागे खाली बसलात आणि ओवी टाकायची तसा त्याच्या गळ्यात हात टाकलात. तोही उजव्या बाजूने, जिकडे दुखत नव्हतं. त्याची शेपटी अजून हलत होती. घशातून आवाज नाही, ओठ हलला नाही. आणि तुमच्या मनगटात दात रुतले. तुम्ही हात ओढून घेतला नाहीत, तो सोडेपर्यंत थांबलात.

मग तुम्ही सलिलला जे सांगितलंत ते मला पाठ झालं आहे. "ह्याचा काही दोष नाही. पण माझ्या घरात दोन वर्षांचा नातू आहे. ह्याला आता कुणाच्याच घरात देता येणार नाही."

सलिलने नव्हे, मी नव्हे, तुम्ही सांगितलंत. आणि शेवटपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन तुम्हीच बसलात. मी जिन्यात बसले होते. सात वर्षं ज्याला फिरवलं, त्याच्याजवळ मला बसवेना. तुम्ही खाली आलात तेव्हा तुमच्याकडे बघणं मला जमलं नाही, म्हणून मी काही बोलले नाही. पुन्हा.

आता एक विनंती. ओवीची पट्टी काढली आहे. आरशाकडे जात नाही. तिला आम्ही सांगितलं आहे की भैरू खडकीला तात्याआजोबांकडे राहायला गेला. तिने त्याला पत्र लिहिलं आहे, ते सोबत ठेवते. "भैरू, तू माझ्यावर रागावलास का? सोनू तुझ्या गादीवर झोपतो. मी तुला तुकडा द्यायला येईन," एवढंच आहे. तात्याराव, त्याच्या नावाने चार ओळी लिहून पाठवा. तो मजेत आहे, अंगणात उन्हात झोपतो, असं काहीतरी. तुम्हाला जमेल. हे शेवटचं मागते.

सुनीती


खडकी
१ फेब्रुवारी २०२५

सुनीतीवहिनी,
जय भीम.

मला नाही जमणार. तुमचं एक खोटं आणि माझी दोन, ह्यांत तो जीव गेला. चौथं मी लिहिणार नाही. मागच्या आठवड्यात आम्रपालीच्या नवऱ्याला मी तिच्या दंडाचं खरं सांगितलं. आम्रपाली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मग म्हणाली, मला आठवतंय बाबा, मी पडले नव्हते. तीस वर्षं ती पोरगी माझं खोटं सांभाळत होती.

ओवीला लिहिलेलं पत्र सोबत आहे. वाचून दाखवायचं की फाडायचं, ते तुम्ही ठरवा.

तात्याराव

ओवीबाळास, तात्याआजोबांचा आशीर्वाद.

भैरूला लिहिलेलं तुझं पत्र मला मिळालं. भैरू माझ्याकडे नाही. तो सोळा जानेवारीला मेला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तेव्हा मी त्याच्याजवळ होतो. तो तुझ्यावर रागावला नव्हता. त्याच्या कानात गाठ होती आणि ती फार दुखायची. तू गळ्यात हात टाकलास की जास्त दुखायचं, म्हणून तो गुरगुरायचा. ते गुरगुरणं म्हणजे त्याचं "नको" होतं. ते त्यानं बंद करावं म्हणून मी तुझ्या आजीला पत्रातून शिकवलं. मग त्याला नको म्हणायला काही उरलं नाही, म्हणून तो चावला. चूक माझी आणि मोठ्या माणसांची आहे. तू त्याला तुकडा दिलास, तो त्याला आवडायचा. तुझं काही चुकलं नाही. तुझं कुठं दुखलं, कुणी जवळ आलेलं आवडलं नाही, तर तू मोठ्यानं सांगत जा.

तुझा,
तात्याआजोबा


सदाशिव पेठ
१९ फेब्रुवारी २०२५

तात्याराव यांस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र चार दिवस उशीखाली ठेवलं. सलिल म्हणाला फाडून टाक. सुरुची पहिल्यांदा काही बोलली, ती म्हणाली वाचा. मग मी ओवीला मांडीवर घेऊन वाचून दाखवलं, एकही शब्द न गाळता.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. रडली नाही. मग म्हणाली, "आजी, तू त्याला पेपरने मारायचीस, ते तात्याआजोबांना माहीत आहे?" मला वाटलं होतं ती शाळेत असायची. एकदा सर्दीमुळे घरी होती, आतल्या खोलीत. मी सांगितलं, माहीत आहे. तिने विचारलं, "तेव्हापण तो नको म्हणत होता?" मी हो म्हटलं.

ती मांडीवरून उतरली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "नको." मोठ्याने म्हणाली, तुम्ही लिहिलं होतंत तसं. त्याला आज अकरा दिवस झाले. शाळेत न्यायला सुरुची जाते. वेणी सुरुची घालते. मी खोलीत आले की ओवी सोनूला उचलते आणि बाहेर जाते. मी तिच्यामागे जात नाही.

तुम्ही खरं लिहिलंत ते बरं केलंत, असं म्हणायला मला अजून थोडे दिवस लागतील. तोवर माझ्या पत्राची वाट पाहू नका.

सुनीती